यमुनाक्कांची सुई

लग्नाची पत्रिका हातात दिली की यमुनाक्का आधी ती वाकवून बघायच्या. वधू कोण, वर कोण, मुहूर्त कधी, हे सगळं नंतर. पत्रिका अंगठ्यानं थोडी दुमडायची, सोडायची, ती ताठ उभी राहते का बघायचं आणि मग आमंत्रणाला आलेल्या वधूपित्याला म्हणायचं, "पुठ्ठा बरा आहे. किती उरल्यात?" एका गृहस्थांनी पातळ कागदावर छापून घेतल्या होत्या. त्यांना ऐकावं लागलं, "एकुलती एक मुलगी, स्वल्प बरा कागद घ्यायचा होता." बिचारे लग्नाला बोलवायला आले होते, ते माफी मागून गेले.

उरलेल्या पत्रिकांचं त्या काय करत, ते सांगतोच. पण आधी त्या मला कुठं भेटल्या ते सांगायला हवं.

साठ-पासष्टनंतरची वर्षं. मी निपाणीहून बेंगळुरूला कारकुनी करायला आलो होतो. यशवंतपूरला खोली घेतली होती आणि संध्याकाळच्या कॉलेजात बी.कॉम. करत होतो. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो, तर पहिल्या बाकाशी अंबाडा घातलेल्या, पंचेचाळिशीच्या एक बाई. आम्ही सगळे प्राध्यापिका समजून उभे राहिलो. बाई म्हणाल्या, "बसा रे. मी तुमच्यातलीच." ह्या यमुनाक्का. राहायला कॉटनपेटेत, एकट्या. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि त्यानंतर त्यांनी कुणाचं काही ऐकून घेणं बंद केलं, असं त्यांच्या गल्लीत सांगत.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेलं. फौज परतली, हे राहिले. त्यामुळे आमच्यासारखे नोकरीपायी आलेले लोक त्यांच्या लेखी कालचे पाहुणे. "तुमचं मराठी पुण्याहून धुऊन येतं," त्या म्हणायच्या, "आमचं इथल्या पाण्यात मुरलंय." मला कानडी येत होतं म्हणून मी अर्धा पास. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत 'निपाणी'च राहिलो.

ह्या वयात बी.कॉम. कशाला? तर हट्टापायी. यमुनाक्का एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये अठरा वर्षं कारकून होत्या. कुठला स्क्रू कुठल्या खणात, किती उरला, कोण नेतो आणि कोण नेऊन परत करत नाही, हे सगळं त्यांच्या कार्डांवर असे. प्रत्येक खणाला एक कार्ड. तिथं एक नवे साहेब आले, परदेशी शिकून. त्यांनी चिठ्ठी पाठवली, 'स्टोअर्सची सगळी माहिती ताबडतोब हवी.' यमुनाक्कांनी उलट विचारलं, "कुठला प्रश्न सोडवायचाय?" उत्तर आलं, 'सगळी.' मग यमुनाक्कांनी हातगाडी मागवली, अठरा वर्षांची कार्डं खोक्यांसकट तिच्यावर चढवली आणि साहेबांच्या दारात उभी केली. साहेब बाहेर येऊ शकेनात, कारण दार बाहेर उघडणारं होतं.

साहेबांना मिरच्या झोंबल्या. लवकरच भोकं पाडलेली कार्डं निवडणारं, पंचकार्डांचं यंत्र येणार होतं आणि त्याच्या खोलीत एक पर्यवेक्षक नेमायचा होता. साहेबांनी सूचना लावली, की ह्या जागेला पदवीधरच हवा आणि तोसुद्धा माहिती-व्यवस्थेचा नवा पेपर घेऊन पास झालेला. वर तोंडानं सांगितलं, "यमुनाबाई, आता हे तुमचं काम नाही." यमुनाक्का म्हणाल्या, "सरी." सरी म्हणजे 'बरं'. पण यमुनाक्का सरी म्हणाल्या की समोरच्यानं सावध व्हावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजात नाव घातलं. यंत्र यायला उशीर झाला, सरकारी परवाने, परकीय चलन, नेहमीचं. तेवढ्यात ह्या तिसऱ्या वर्षाला पोचल्या.

तो नवा पेपर म्हणजे एक मौजच होती. मॅनेजमेंटला कुठली माहिती, कधी आणि कशी पोचवायची, ह्याचं शास्त्र. कॉलेजात यंत्र नव्हतं. शिकवणाऱ्या सरांनीही ते पाहिलेलं नव्हतं. ते फळ्यावर यंत्र काढत. फळा लहान असल्यानं डावी बाजू पुसल्याशिवाय उजवी काढता येत नसे, त्यामुळे अख्खं यंत्र आमच्यापैकी कुणीच कधी बघितलं नाही. आम्ही भाग पाठ करत होतो. यमुनाक्का हात वर करायच्या.

"सर, ह्याला प्रश्न कोण विचारतं?"

"प्रश्न? कार्डं घालायची, यंत्र निवड करतं."

"पण काय निवडायचं ते आधी कुणीतरी ठरवलं असेल ना? आधी प्रश्न, मग कार्ड."

हे त्यांचं पालुपद. मी एकदा म्हटलं, "अक्का, कुठं चांगली खोली असेल तर सांगा." लगेच, "चांगली म्हणजे? नळ? ऊन? का मालकीण बोलत नाही ती? आधी प्रश्न, निपाणी." मी विचार करून म्हटलं, ऊन. तीन दिवसांत उन्हाची खोली मिळाली. नळ नव्हता, पण तो मी विचारलाच नव्हता.

आता पत्रिका. त्या पेपराला प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकानं एक माहिती-व्यवस्था स्वतः उभी करायची आणि तोंडी परीक्षेत चालवून दाखवायची. आम्ही बाकीच्यांनी पुस्तकातली एक काल्पनिक कंपनी थोडीफार फिरवून उतरवली. यमुनाक्कांनी शहरातली आपली जुनी मराठी घरं घेतली. पत्रिकांची कोरी बाजू वर करून एका मापाची कार्डं कापली. निवृत्त झालेल्या एका बस कंडक्टरकडून तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणला आणि प्रत्येक कार्डाच्या कडेनं सारख्या अंतरावर भोकं पाडली. एक भोक म्हणजे एक प्रश्न. मुलगी लग्नाची आहे का? मुलगा नोकरीला आहे का? उत्तर 'हो' असेल तर कात्रीनं ते भोक कडेपर्यंत उघडं करायचं. मग सगळा गठ्ठा हातात धरायचा, हव्या त्या भोकातून विणायची लांब सुई आरपार घालायची, गठ्ठा उचलून हलवायचा. 'नाही'वाली कार्डं सुईला लटकून राहतात, 'हो'वाली खाली पडतात. वीज नको, परवाना नको, परकीय चलन नको.

सगळ्यात जास्त भोकं देवकाची होती. आमच्याकडं एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इथं एक लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. यमुनाक्कांनी सुई घातली, तर मुलाचं आणि मुलीचं कार्ड एकदमच खाली. मुलाचे वडील भडकले. "आमचं देवक अत्ती! तीनशे वर्षं अत्ती! त्यांचं उंबर!" यमुनाक्का दोन्ही व्याह्यांना घेऊन देवळामागच्या झाडाखाली गेल्या. "हे काय?" एक म्हणाले अत्ती, दुसरे म्हणाले उंबर. एका घरानं पिढ्यान्पिढ्या झाडाचं कानडी नाव धरलं होतं, दुसऱ्यानं मराठी, आणि मध्यस्थानं दोन झाडं समजून बैठक बसवली होती. लग्न मोडलं. दोन्ही घरांनी वर्षभर अबोला धरला, एकमेकांशी नव्हे, यमुनाक्कांशी. त्यांनी तेवढ्यात दोघांनाही दुसरी स्थळं पाडून दिली.

तोंडी परीक्षेचा दिवस. बाहेरगावचे परीक्षक. माझा नंबर यमुनाक्कांच्या पाठोपाठ असल्यानं मी आतच बाकावर बसलो होतो. सगळं इंग्रजीत चाललं होतं. अक्कांचं इंग्रजी स्टोअर्समधलं होतं, क्रियापदं कमी, पण माल पोचायचा. मी मराठीत सांगतो.

परीक्षकांनी गठ्ठा उचलला. एका कार्डाच्या मागं गणपती छापलेला होता. "हे काय? लग्नं जुळवणं म्हणजे मॅनेजमेंट?"

"दोन घरांचा पन्नास वर्षांचा निर्णय आहे, सर. इतक्या मुदतीचा निर्णय तुमच्या कुठल्या कंपनीत घेतात?"

परीक्षक हसले. मग त्यांनी स्वतः सुई घेतली. घालून बघ, हलवून बघ, करता करता गडी रंगला. पदवीधर मुली पाडल्या, बदलीची नोकरी असलेले मुलगे पाडले. माझ्या जिवात जीव आला. एवढ्यात त्यांचं बोट कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी थांबलं. तिथं एक भोक होतं आणि कुठलं भोक कशाचं ह्याच्या तक्त्यात त्याचं नावच नव्हतं.

"हे कशाचं?"

"ते खाजगी आहे, सर."

"परीक्षेत खाजगी काही नसतं. नोंद नसलेली खूण म्हणजे व्यवस्थेतला दोष. मला गुण कापावे लागतील."

"कापा."

परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नुसतं काय ते सांगा. मी लिहून घेत नाही. एवढ्यावरून नापास होऊ नका."

यमुनाक्का उभ्या राहिल्या. "सर, लोकांनी मला सांगितलंय ते यमुनाक्काला सांगितलंय. युनिव्हर्सिटीला नाही. बाकी सगळी भोकं तुमची. हे माझं." आणि गठ्ठ्याला रिबन बांधून बाहेर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुझी कंपनी नीट सांग रे. निदान तिचं नाव तरी आठवू दे."

त्या पेपरात नापास झाल्या. चार गुणांनी. यंत्राच्या खोलीतली जागा दुसऱ्या एका पोराला गेली आणि साहेबांनी ती बातमी मुद्दाम स्टोअर्समध्ये येऊन सांगितली. मला इतका संताप आला की मी कॉटनपेटेत जाऊन त्यांच्याशीच भांडलो. तीन वर्षं घालवली, अपमान गिळला, तो ह्या एका भोकासाठी? एखादं खोटं नाव सांगायला काय झालं होतं? वजन, उंची, काहीही! यमुनाक्का तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "खोटी माहिती द्यायला शिकायचं असतं तर साहेबांच्या हाताखाली फुकटात शिकले असते." दुसऱ्या खेपेला त्यांनी फॉर्म भरला, तेच कार्ड, तेच भोक, नाव नाही. पुन्हा नापास. तिसऱ्या खेपेच्या परीक्षकाची नजर कोपऱ्यापर्यंत गेली नाही, म्हणून त्या पास झाल्या. यंत्राची खोली मात्र त्यांना कधी मिळाली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं आणि त्यांना वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पास झाल्यावर त्या सूचनेच्या फळ्यापाशी जाऊन, साहेबांची सूचना लावलेली होती तिथली रिकामी जागा बराच वेळ बघत उभ्या होत्या, हे मला त्यांच्या हाताखालच्या बाईंनी सांगितलं.

पण मला सांगायचाय तो दसरा, पहिल्या नापासानंतरचा. सकाळी आठला मी त्यांच्याकडं गेलो. भांडल्यापासून गेलो नव्हतो, म्हटलं सोनं द्यावं आणि माफी मागावी. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, एकट्या बाईला लागेल त्याच्या कितीतरी पट. मला बघून त्या म्हणाल्या, "बरा आलास निपाणी. माझे हात पुरणाचे आहेत. फळीवरचा गठ्ठा घे, सुई घे. खालचं डावं भोक."

मी सुई घातली. गठ्ठा उचलला, हलवला. सहा कार्डं जमिनीवर पडली.

पहिलं शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांचं. मुलगा मुंबईला, पत्रं येत नाहीत. दुसरं लष्करातून परतलेल्या एका सुभेदारांचं. तिसरं बनशंकरीपल्याड राहणाऱ्या एका नर्सबाईंचं. चौथं देवळाच्या पुजाऱ्यांच्या विधवा बहिणीचं. पाचव्यावर लिहिलं होतं, 'निपाणी, यशवंतपूर. सणाला खाणावळ बंद असते.' हे मी त्यांना कधीतरी हसत हसत सांगितलं होतं. मला आठवतसुद्धा नव्हतं.

मी कार्ड हातात धरून तसाच बसलो. मला इतकी लाज वाटली, आणि इतकं बरंही वाटलं, की दोन्ही एकदम सोसेना.

"ह्यांच्याकडं आज ताटाला दुसरं कुणी नाही," यमुनाक्का पुरण घोटता घोटता म्हणाल्या. "हे कुठल्या परीक्षकाला सांगायचं असतं का रे? मास्तरांना चालवत आण, त्यांचा गुडघा दुखतो. नर्सबाईंची ड्यूटी अकराला सुटते. सुभेदारांना आधीच सांग, खीर नाही, नाहीतर रुसतील. जा लवकर."

मी कार्डं गोळा केली. एक पाटाखाली सरकलं होतं. ते सहावं. ओढून काढलं, उलटलं, नाव वाचलं. राव, यमुना. कॉटनपेट.

"अक्का," मी म्हटलं, "हे एक..."

त्यांनी वळून बघितलं नाही. "ते पडतंच दर वेळी. ठेव गठ्ठ्यात. तिला निरोप नको. ती घरीच आहे."