उत्तम स्थितीतला कॉम्प्युटर

सन २००२ च्या जानेवारीत भद्रावतीच्या वसाहतीतल्या प्रफुलभाऊंनी आपला कॉम्प्युटर दान करण्याचा निर्णय घेतला. कॉम्प्युटर चार वर्षं चालला, तोवर हा विचार त्यांना शिवला नव्हता. डिसेंबरात तो बंद पडला आणि प्रफुलभाऊंचं मन एकाएकी मोठं झालं.

दान कुरखेड्याजवळ अन्नपूर्णाबाई चालवत असलेल्या मुलींच्या वसतिगृहाला द्यायचं ठरलं. तिथल्या दीपिकाची कॉम्प्युटरवरच्या टायपिंगची परीक्षा जवळ आली होती. ती पुठ्ठ्यावर कोळशाने काढलेल्या बटणांवर सराव करत असे. वेग उत्तम होता. पुठ्ठा चुका दाखवत नसे, एवढंच. प्रफुलभाऊंनी पत्र धाडलं, 'कॉम्प्युटर उत्तम स्थितीत आहे.' दानाला शोभा यावी म्हणून जुना पलंग मोडून सागवानी पेटी करवली आणि जीपने निघाले.

कुरखेड्याच्या अलीकडे वनखात्याचा जंगल नाका लागतो. बाई आणि दीपिका तिथंच येऊन थांबल्या होत्या. नाकेदार इसरूने पेटीवर टिचकी मारली.

"पेटी सागाची हाय. वाहतुकीचा पास कुठी हाय?"

"अरे, आत कॉम्प्युटर आहे. दानाचा."

"आतलं मी विचारूनच नाई राह्यलो, भाऊ."

"जुन्या पलंगाच्या फळ्या आहेत ह्या."

"पलंग का वावरात पिकते?"

"मग पेटी ठेव तुझ्याकडे. कॉम्प्युटर जाऊ दे."

"असं कसं? कॉम्प्युटरच्या आडून सागवान नेऊन राह्यले तुमी. गुन्ह्यात दोघंही हायेत."

पंचनामा झाला : 'सागवानी पेटी, नग एक. तिला साथ देणारं यंत्र, नग एक.' मालाची स्थिती लिहायचा रकाना होता, म्हणून इसरूने वायर जोडून पाहिली. काहीच झालं नाही. त्याने 'बंद' असं लिहिलं.

अन्नपूर्णाबाईंनी पिशवीतून पत्र काढलं. "भाऊ, यात तं उत्तम लिवलं हाय."

"बाई, आपले रस्ते पाहा ना," प्रफुलभाऊ म्हणाले.

जप्तीच्या प्रत्येक नगावर छापाचा हातोडा मारावा, असा नियम आहे. एक घाव पेटीवर बसला. दुसरा इसरूने यंत्राच्या डब्यावर हाणला. आतून घरघर ऐकू आली आणि पडदा निळा झाला.

दीपिकाने काखेतला पुठ्ठा खाली ठेवला. प्रफुलभाऊ मध्ये आले.

"थांब पोरी. बाई, मी बंद कॉम्प्युटर दान केला होता. चालू कुठं दिला होता?"

"मंग हे पत्र कोनाचं हाय?"

"पत्रात माणूस चांगलंच लिहितो, बाई."

इसरूने भांडण तोडलं. "जप्तीचा माल हाय. साहेब दौऱ्यावरून येत पावतर कोनालेच नाई भेटत. हात लावाची मनाई हाय." मग दीपिकाकडे पाहून म्हणाला, "पन माल बंद पडू नये म्हनून कोनी रोज बटनं दाबत बसलं, तं तिले देखरेख म्हनते."

परीक्षेपर्यंतचे दहा दिवस दीपिकाने कसून देखरेख केली. परीक्षेत ती जिल्ह्यात दुसरी आली. मग साहेब आले. पेटी पुरावा म्हणून त्यांच्या बंगल्यावर गेली. सध्या तिच्यात गाद्या असतात. कॉम्प्युटर मालकाला परत द्यावा, असा हुकूम झाला, आणि कागदावर मालक प्रफुलभाऊच होते. ते त्याला मांडीवर घेऊन भद्रावतीला परतले. दीपिकाचा पुठ्ठा आता वसतिगृहातल्या सोमारीकडे आहे.

वसाहतीत ही बातमी पसरल्यापासून दर रविवारी नाक्यावर दात्यांची रांग लागते. मुके रेडिओ, अडलेले मिक्सर, मागे तर एक आटाचक्की आली होती. प्रत्येक वस्तू सागवानी पेटीत आणि प्रत्येकीसोबत पत्र. इसरूचा हात इतका बसला आहे, की तो आधी हातोडा मारतो आणि विचारतो नंतर. वस्तू सुरू होते, पेटी बंगल्यावर जाते, दाता गाडी वळवतो.

तुमच्याही माळ्यावर काहीतरी असेलच. आणा. पत्रात काय लिहायचं, ते मी सांगायला नको. गर्दीची काळजी करू नका, ती नाक्यापर्यंतच असते. पुढे कुरखेड्याचा रस्ता अगदी मोकळा आहे.