जन्मलेल्या मुलांसाठी तरतूद नाही

आमच्या सोह्वा जिल्ह्यात गेल्या वर्षी सात मुलं जन्मली. त्यांच्यासाठी जनन-प्रोत्साहन विभागात एकोणीस कर्मचारी आहेत, आणि मी त्यांतला सर्वांत कनिष्ठ. मूल जन्मलं की विभाग आईला बाळंतपणातल्या सुपासाठी सुकवलेलं समुद्री शेवाळ आणि रोख बक्षीस पाठवतो, चौकात अभिनंदनाचा कापडी फलक लावतो आणि फाइल बंद करतो.

अडचण फलक उतरल्यावर सुरू होते. जिल्ह्यातलं एकमेव पाळणाघर बंद पडायला आलं होतं. फी पालकांना परवडेल एवढीच घ्यायची असा नियम, आणि अनुदान दर मुलामागे. मुलं उरली होती नऊ. तेवढ्या अनुदानात एक बाई नेमता येत होती, पण तिला पूर्ण पगार देता येत नव्हता. त्या नऊ जणांत माझा मुलगा हारू होता. पाळणाघर गेलं असतं तर माझ्या बायकोला, यन-हीला, शेवाळ भाजण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडावी लागली असती, आणि माझ्या एकट्याच्या पगारात आमचं भागत नाही.

पाळणाघराच्या संचालिका आणि एकमेव शिक्षिका ओक-बुन बाई अर्ज घेऊन आमच्या बोंग साहेबांकडे आल्या. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"बाई, ही मुलं जन्मलेली आहेत?"

"म्हणजे काय! तीन-तीन वर्षांची झालीत की."

"मग आमचा संबंध संपला. हा विभाग जन्माला प्रोत्साहन देतो. जे जन्मून बसलेत त्यांना आता कसलं प्रोत्साहन द्यायचं?"

"मग कुलूप लावू?"

"छे, छे! वृद्धांचं केंद्र करा. त्याला भरघोस अनुदान आहे. म्हातारी माणसं मत देतात. तुमची पोरं देतात का?"

सहा आठवड्यांत पाटी बदलली. भिंतीवरचे ससे तसेच राहिले. मऊ भात, टाळ्यांची गाणी आणि दुपारची झोप नव्या नियमांतही तंतोतंत बसली. नऊ आज्या दाखल झाल्या, त्यांत माझी आईही होती. मुलांना मात्र आत येण्यापुरतं 'स्वयंसेवक' म्हणून नोंदवावं लागलं. हारूच्या अर्जात 'पूर्वानुभव' या रकान्यापुढे मी 'तीन वर्षे' असं लिहिलं आणि साहेबांनी शिक्का मारला.

पुढच्याच महिन्यात लेखापरीक्षकांचा शेरा आला: वृद्धांच्या निधीतून बालशिक्षिकेला पगार देता येणार नाही. ओक-बुन बाई रडत रडत घरी गेल्या. मुलांना भरवणं, धुणं, झोपवणं आज्यांवर येऊन पडलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'लाभार्थ्यांच्या शारीरिक हालचालींत चौपट वाढ.' बालसंगोपनाचा खर्च शून्यावर आणल्याबद्दल राजधानी सोलहून मानाची ढाल आली. यन-हीची नोकरी वाचली, आणि खरं सांगतो, मी सुटलो एकदाचा म्हणून त्या दिवशी पोटभर जेवलो.

मग एके दिवशी आई कंबर धरून थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"काय हो साहेब," मलाच म्हणाली, "दिवसभर नऊ पोरं उचलते मी. बाकीच्या जणींचे गुडघे गेलेत. काहीतरी पगार लावा की."

"अगं आई, हळू बोल! तू लाभार्थी आहेस. लाभार्थ्याला कुठे पगार असतो?"

"मग मला लाभ कसला झाला, तेवढं तरी सांग."

बोंग साहेब माझ्या मदतीला धावून आले. "आजी, नातवाचे लाड करायचे कुणी पैसे घेतं का?"

"नातू एकच आहे माझा. उरलेले आठ तुमचे का?"

सगळी कचेरी बघत होती. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर हू की चू न केलेल्या बाईनं या वयात पोरं सांभाळायचे पैसे मागावेत, आणि तेही चारचौघांत!

तुम्हालाही ते जरा खटकलंच ना? साहजिक आहे. तुम्ही निवांत हे वाचताय, म्हणजे तुमचंही पोर या क्षणी कुणातरी बाईच्या कडेवर असणार. ती काही मागत नाही ना? मग तिला काही विचारायला जाऊ नका. ती आकडा सांगेल.