शिक्क्यांचं पुस्तक

“न वाचलेलं पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही हं, पोरी. पाप लागतं.”

निवृत्त होताना मोठ्या बाई किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एवढंच सांगून गेल्या. त्यानंतर बावीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात दर सोमवारी फळ्यावर ‘या आठवड्याचं पुस्तक’ आणि त्याखाली लेखकाची ओळख उमटत राहिली. ग्रंथपालबाईंनी वाचूनच शिफारस करायचा नेम तापातसुद्धा मोडला नाही. मोडला तो चष्मा. शनिवारी, त्यावर स्वतःच बसल्यामुळे.

नवा चष्मा मिळणार मंगळवारी आणि फळा तर सोमवारी लिहायचा. बाई एकेका पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी न्याहाळू लागल्या. तारखा दिसत नव्हत्या, पण शिक्क्यांची जांभळी गर्दी कळत होती. एका करड्या कादंबरीला तर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून जाडजूड शेपूटच आलं होतं.

‘एवढ्यांनी नेलंय, ते काय वाईट असेल?’ बाईंनी मनाची समजूत घातली. मुखपृष्ठावरची पुस्तकाची आणि लेखकाची नावं ठळक होती, ती उतरवली आणि खाली लिहिलं, ‘आपल्याकडचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक. भाषा साधी, लेखक माणसांवर माया करणारा.’ असं लिहिलं की सहसा कुणी हरकत घेत नाही.

दुपारपर्यंत एका प्रतीसाठी एकेचाळीस मुलांनी नंबर लावले. भांडणं नकोत म्हणून बाईंनी पुस्तक खणात ठेवलं, तोच एक मुलगी धापा टाकत आली.

“बाई, हे माझे आजोबा!”

“कोण गं?”

“फळ्यावरचे! फोटो पाठवला तर घरी कुणाला खरंच वाटेना. आजी म्हणाली, दुसरे कुणी असतील. उद्या अकराला येतायत. आत्तापासून दाढी करून बसलेत!”

मंगळवारी सकाळी चष्मा आला. बाईंनी चिठ्ठी बघितली. चार तारीख, पाच तारीख, सहा तारीख. रोज एक शिक्का, एक खाडा नाही. मुलं सुट्टीत घरी गेल्यावरसुद्धा! बाईंना उलगडा झाला. रोज सकाळी तारीख बदलली की शिक्का नीट उठतो का, हे रद्दी कागदावर बघायची तिथली पद्धत. कुणीतरी त्यासाठी हेच पुस्तक वापरलं होतं. वाचलं कुणीच नव्हतं.

अकराला आजोबा आले. कडक इस्त्री, ओले डोळे. भोवतीच्या मुलांतून वाट काढत ते सरळ बाईंच्या टेबलामागे गेले आणि खणाला खालून एक थाप मारली. खण सुटला.

“अजून अडकतो वाटतं हा?”

“तुम्हाला कसं ठाऊक, काका?”

“तुम्ही यायच्या आधी मी तीस वर्षं याच टेबलावर शिक्के मारले, बाई.” आजोबांनी आवाज खाली आणला. “माझं पुस्तक कुणी काढेचना. मग शिक्का तपासायच्या निमित्तानं रोज मीच काढायचो. तेवढीच त्याला हवा लागायची. मोठ्या बाईंना ठाऊक होतं. कधी बोलल्या नाहीत हो.”

“मग... फळा पुसू?”

“पुसा. पण तुम्ही तरी वाचलंत ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. बाईंची मान खाली गेली. “नाही, काका. चष्मा नव्हता.”

आजोबा खुदकन हसले. “म्हणजे आपण दोघंही लबाड!”

“शनिवारपर्यंत वाचते. कसं वाटलं ते घरी येऊन खरं खरं सांगेन.”

“या. पण नाही आवडलं तर हळू सांगा. आमच्या हिचे कान फार तिखट आहेत.”

आजोबा गेल्यावर बाईंनी फळ्यावरची ‘सर्वांत जास्त’ची ओळ पुसून ‘वाचन चालू आहे’ असं लिहिलं. एकेचाळीस नावांच्या डोक्यावर आपलं नाव घातलं. कोरी चिठ्ठी चिकटवली, शिक्का आधी रद्दी कागदावर उठवून बघितला, मग हलकेच पुस्तकावर मारला.

खिडकीपाशी खुर्ची ओढून त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं.