पातेल्यात न मावणारी सफरचंदं

थोरल्या बहिणीचं, अक्काचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि ग्रंथपालांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या पत्रालाही दिलं नव्हतं आणि त्याच्या आधीच्याही. पण यंदाच्या पत्राने त्यांची झोप उडवली होती. 'सफरचंदांची पेटी मिळाली असेल,' अक्काने लिहिलं होतं. 'तू ती खातोस की नाही, एवढं एका ओळीत कळव. मी दरवर्षी पाठवते आणि तू दरवर्षी मूग गिळून बसतोस. व्यापारी अख्खं झाड मागतोय. महिनाअखेर येईल. तोवर तुझं उत्तर आलं नाही, तर झाड त्याला देऊन टाकते. दात कसे आहेत?'

फोन करायची सोय नव्हती. अक्काला ऐकू कमी येई. फोनवर ती आपलं सगळं बोलून घेई आणि 'बरं, ठेवते' म्हणून खरोखरच ठेवून देई.

घोडं पेंड खात होतं ते दातांपाशी. कवळी बसवल्यावर ग्रंथपालांनी अक्काचं सफरचंद मोठ्या हौसेने चावायला घेतलं, तेव्हा कवळी सफरचंदात राहिली आणि ते स्वतः बाहेर राहिले. तेव्हापासून दरवर्षी पेटी आली की ते पहाटे सफरचंदं टोपलीत भरून जिन्यातल्या खिडकीत ठेवत आणि चोरपावलांनी घरात परतत. ती कोण नेतं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. मुळात ते कुणाला काही विचारतच नसत. वाचनालयातल्या नोकरीत त्यांना शांत बसण्याचाच पगार मिळत होता आणि निवृत्तीनंतर ते काम त्यांनी बिनपगारी चालू ठेवलं होतं.

आता अक्काला काय लिहायचं? तू हाताने पाणी घालून वाढवलेल्या झाडाची फळं मी जिन्यात ठेवून देतो, असं? की 'खाल्ली, छान होती' असं? तोंडाने ते एखादं खोटं बोलू शकत, कारण तोंडाने ते एकूणच कमी बोलत. पण कागदावर खोटं उतरवणं त्यांच्याच्याने होईना. आणि उत्तर दिलं नाही तर झाड जाणार, झाड गेलं की पेटी थांबणार. पेटीबरोबरच तर अक्काचं पत्र येई. वर्षातून एकदा कुणीतरी त्यांना रागावून दात कसे आहेत म्हणून विचारत होतं, तेही बंद होणार.

आज संध्याकाळचं टपाल चुकलं, तर उत्तर व्यापाऱ्याच्या मागून पोचणार होतं.

अशा वेळी ते जे नेहमी करत तेच त्यांनी केलं, पुस्तकं चाळली. पाककृतींच्या एका पातळशा पुस्तकात त्यांना हवं ते सापडलं. सफरचंदाचं गरम, मसालेदार पेय. सफरचंदं चिरा, मसाल्यासह पाण्यात उकळा, गाळा, प्या. चावण्याचा कुठे उल्लेखही नव्हता. ग्रंथपालांना त्या अनोळखी लेखिकेचे पाय धरावेसे वाटले. एक पेला प्यायचा आणि लगेच लिहायला बसायचं, 'अक्का, सफरचंदं पोटात गेली.' शब्दन् शब्द खरा!

दुपारी त्यांनी कामाला हात घातला. सफरचंदं चिरली. दालचिनी, लवंगा, आल्याचा तुकडा, किसलेलं जायफळ, संत्र्याची साल असं सगळं मांडून ठेवलं. पुस्तकात म्हटलं होतं, मसाला पातळ कापडात बांधून सोडावा. ग्रंथपालांनी विचार केला, मसालाच का? सफरचंदंही कापडात बांधली तर गाळायची कटकटच नको. कल्पना त्यांना इतकी आवडली की आपल्याला ती सुचली याचाच त्यांना संशय आला.

पातळ कापड घरात होतंच. जुन्या पुस्तकांच्या पाठी सुटल्या की ते घरीच डागडुजी करत आणि त्यासाठी पाठीला लावायच्या विरविरीत पण ताठ जाळीची मोठी गुंडाळी टेबलाच्या खणात असे. पांढरीशुभ्र, कोरी. एक पदर फाटला तर पंचाईत नको म्हणून त्यांनी ती कित्येक पदरी केली, मधे सफरचंदं आणि मसाला घातला, बांधणीच्या दोऱ्याने पक्की गाठ मारली आणि ते गाठोडं पातेल्यात सोडलं.

सुरुवात झकास झाली. पाणी उकळू लागलं, दालचिनीचा वास सुटला. ग्रंथपाल खुर्ची घेऊन पातेल्याशेजारी वाचत बसले. थोड्या वेळाने पाहतात तर पातेल्यात बुडबुडे येण्याऐवजी मोठमोठे फुगे येत होते आणि 'फस्स' करून फुटत होते. चमचा घातला तर तो फिरायला तयार नव्हता. त्यांनी पाणी वाढवलं. जरा सैल झालं, पुन्हा घट्ट झालं. आणखी पाणी घातलं. पातेलं काठोकाठ भरलं आणि आतला ऐवज शेगडीवर उतरू लागला. अक्काच्या सफरचंदांचा एक थेंबही आता वाया घालवायचा नव्हता. मोठं पातेलं हवं होतं आणि ते वरच्या मजल्यावर नर्सबाईंकडे असणार होतं.

इतक्या वर्षांत ग्रंथपाल त्या मजल्यावर गेले नव्हते. जिन्यात ते एकच वाक्य तीनतीनदा घोकत होते. दार उघडलं आणि वाक्य गेलं.

"काका? तुम्ही?" नर्सबाईंच्या केसांत अजून ड्यूटीच्या पिना होत्या. "बरं नाही का वाटत? बसा आधी. हात बघू."

"नाही, नाही. नाडी नको. पातेलं हवं होतं. मोठं."

"पातेलं? पाहुणे यायचेत का?"

आता खरी हकिकत सांगायची तर कवळीपासून सुरुवात करावी लागली असती. "हो," ग्रंथपाल म्हणाले.

"अरे वा! मग हे न्या. नाहीतर थांबा, हे त्याहून मोठं आहे."

त्या एका 'हो'ने पुढचं सगळं घडवून आणलं. ग्रंथपालांनी मोठ्या पातेल्यात माल ओतला, पुन्हा पाणी घातलं, तो पुन्हा घट्ट झाला आणि नवं पातेलंही गळ्यापर्यंत आलं, तोवर दारावर थाप पडली. तळमजल्यावरचे टेलरमास्तर दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन उभे होते. गळ्यात मोजपट्टी तशीच.

"बाई म्हणाल्या, तुमच्याकडे पाहुणे येतायत. म्हटलं, काकांकडे बसायला पुस्तकांशिवाय काय असणार! कुठे ठेवू?" बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. "वास काय सुटलाय हो! दुकानात गिऱ्हाईक माप द्यायचं सोडून नाक वर करून उभं राहिलं."

मागोमाग नर्सबाई ग्लासांचा ट्रे घेऊन आल्या. "पाहुण्यांना कशात देणार, तेही विचारलं नाही मी मघाशी."

आणि त्यांच्या मागे, जिन्यावर जड पावलं वाजवत, घरमालक.

मालकांनी दारातूनच दोन पातेली, चार खुर्च्या आणि ट्रे असा सगळा संसार पाहून घेतला.

"काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. "पाहुणे यायचे असले की आधी सांगायचं असतं. आणि हे काय चाललंय? खानावळ काढताय की काय?"

"पाहुणे नाहीत," ग्रंथपाल पुटपुटले.

"म्हणजे?"

"कुणीच येणार नाही. मला फक्त एक पेला प्यायचा होता."

तिघांनीही आधी त्या पातेल्याकडे पाहिलं, मग ग्रंथपालांच्या किरकोळ देहाकडे.

"एक पेला," मालक म्हणाले.

"मग पाहुणे आम्हीच!" नर्सबाईंनी खुर्ची ओढून निकाल लावला. "मालक, तुम्हीही टेका. दारात उभं राहून कुणाचं भाडं वाढत नाही. काका, वाढा."

पेय ग्लासात ओतलं जाईना, लोटावं लागलं. पण बाहेर थंडी मी म्हणत होती आणि ग्लासातून वाफा येत होत्या. कुणी तक्रार केली नाही. मास्तरांनी पहिला घोट घेतला, किंवा घास म्हणा, आणि डोळे मिटले. ग्रंथपाल पातेल्यातून गाठोडं वर काढू लागले. मघाशी ढोलाच्या पानासारखी ताठ असलेली ती जाळी आता जुन्या हातरुमालासारखी मऊ पडली होती. बोटं एकमेकांना चिकटली आणि त्यांच्या नाकाशी एक फार ओळखीचा वास आला. वाचनालयाच्या बांधणी विभागाचा.

"थांबा!" ते ओरडले.

त्यांचा मोठा आवाज इमारतीत पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. तिन्ही ग्लास हवेत थांबले.

"पिऊ नका. ही पुस्तकबांधणीची जाळी आहे. ताठ राहावी म्हणून तिला खळ असते. मी... मी ती धुतलीच नाही. सगळी खळ आत उतरलीये."

"कसली खळ?" नर्सबाईंचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "काही औषध-बिवषध मारलेली?"

"नाही, नाही. साध्या पिठाची. आमचा बांधणीवाला माझ्यासमोर शिजवून लावायचा. गुंडाळी त्यानेच दिलेली."

"इतकंच ना?" बाईंनी ग्लास पुन्हा तोंडाला लावला. "आमच्याकडे आजाऱ्यांना याहून बेचव पाजतात, आणि वर त्यांची सही घेतात."

"तरीच!" मास्तर म्हणाले. "मी म्हणतोय, घसा आतून कडक इस्त्री केल्यासारखा का वाटतोय. पण खोकला थांबला बरं का. आणखी द्या."

मालकांनी चमचा मागून घेतला.

मग गप्पांना रंग चढला. ग्रंथपाल कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. आपल्या घरात इतके आवाज एकदम मावतात, याचं त्यांना नवल वाटत होतं.

"सफरचंदावरून आठवलं," मास्तर मालकांकडे वळले. "यंदा जिन्यात टोपली नाही दिसली?"

मालकांना ठसका लागला. "यंदा... यंदा जरा उशीर होतोय."

"मालकांना बोलू नका हं," नर्सबाई म्हणाल्या. "भाड्याच्या बाबतीत असतील कडक. पण काका, तुम्हाला सांगते, रात्रपाळी करून सकाळी येते ना, तेव्हा पाय नुसते ओढत असते. खिडकीत ती टोपली दिसली की एक सफरचंद उचलायचं आणि चावत चावत वर जायचं. घरात वाट बघणारं कुणी नसतं माझ्या. पण वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी ठेवलंय. मी तर पहिल्याच वर्षी मालकांचे आभार मानले. दुसरं कोण ठेवणार?"

"आमच्या पोरीने पहिला दात पाडला तो त्याच सफरचंदात," मास्तर म्हणाले.

ग्रंथपालांचा चष्मा वाफेने धुरकट झाला. वाफ बराच वेळ गेली नाही. टोपली माझी होती, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नेहमीप्रमाणे मिटलं. पण आतून त्यांना फार हलकं वाटत होतं. मग त्यांनी स्वतःचा पेला भरला, चमच्याने शेवटपर्यंत खाल्ला आणि मंडळींना तिथेच सोडून टेबलाशी जाऊन बसले.

कच्चा खर्डा न करता त्यांनी थेट लिहायला घेतलं. असं आयुष्यात घडलं नव्हतं.

'अक्का, तुझ्या सफरचंदांचा एक पेला आत्ताच पोटात गेला. खोटं लिहीत नाही. पण आजवरची मी खाल्ली नाहीत. कवळीने चावत नाहीत आणि तुला सांगायची छाती झाली नाही. ती मी जिन्यात ठेवायचो. ती कोण खातं, हे मला आज कळलं. वर एक नर्स राहते. पहाटे दमून येते, तेव्हा तुझं सफरचंद तिला घरापर्यंत सोबत करतं. खाली एक शिंपी आहे. त्याच्या मुलीचा पहिला दात तुझ्या सफरचंदाने पाडला. म्हणजे दातांच्या बाबतीत तुझं झाड इमारतीत सगळ्यांना सारखंच वागवतं. हे सगळे आभार तुझे आहेत. इतकी वर्षं ते चुकीच्या माणसाकडे जात होते. झाड देऊ नकोस. माझी भूक म्हणशील तर एका पेल्याची आहे, पण तुझी इथे फार गरज आहे. दात बरे आहेत.'

पाकीट चिकटवायला डिंक शोधावा लागला नाही. पातेल्याच्या काठाला बोट लावलं, भागलं.

कोट चढवून ते जिना उतरू लागले, तेव्हा मागून मालकांची पावलं आली. मालक रस्त्यापर्यंत सोबत चालत आले. टपालपेटी दिसू लागल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"काका, तुमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली टोपली ओळखली मी."

ग्रंथपाल थबकले.

"पहिल्या वर्षी वाटलं, गैरसमज आहे, सांगू उद्या," मालक खाली बघत म्हणाले. "दुसऱ्या वर्षी सांगायला उशीर झाला होता. आणि खरं सांगू? घरमालकाचे आभार कोण मानतं हो? वर्षातून आठवडाभर सगळे माझ्याशी हसून बोलायचे. ते सुटवेना."

"असू दे," ग्रंथपाल म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी जोडलं, "ते आभार तुमच्याकडे गेले तेच बरं झालं, असं आता वाटतं. माझे कुणी आभार मानले असते, तर मी घर बदललं असतं."

मालक मोठ्याने हसले. मग पाकिटाकडे बोट करून म्हणाले, "हे कुणाला?"

"बहिणीला. सफरचंदांची पेटी तीच पाठवते."

"असं? त्यात माझेही आभार लिहायला हवे होते."

"चिकटवलं. आता ते उघडणार नाही. खळ आहे."

"मग पाठीवर लिहितो. पेन आहे?"

पेन होतंच. दिव्याच्या खांबाला पाकीट टेकवून मालकांनी ठळक अक्षरांत, भाडेवाढीच्या नोटिशीवर करत तशी, खाली सही ठोकून एक ओळ लिहिली. ग्रंथपालांनी चष्मा पुसून वाचली.

'बाई, एक पेटी पुरत नाही.'

ग्रंथपालांनी त्यात एका शब्दाचाही बदल केला नाही. त्यांनी पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.