डब्याला कुंकू

शेषगिरी रावांनी दूरध्वनी खात्यात तेहतीस वर्षं काढली आणि त्या तेहतीस वर्षांत एकदाही लाल तार हिरव्या तारेला जोडली नाही. त्यामुळे बेंगळुरूतल्या आपल्या चौथ्या क्रॉसवर, म्हणजे बावीस घरांच्या एका गल्लीत, ओला-सुका कचरा वेगळा न्यायची योजना येणार असं कळलं तेव्हा त्यांनी सभेत उभं राहून सांगून टाकलं, की बाकीच्या शहराचं मला माहीत नाही, पण चौथा क्रॉस दसऱ्यापर्यंत सुधारलेला असेल. हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका. दोनच तर रंग.

या उत्साहामागचं कारण मात्र त्यांनी सभेत सांगितलं नाही. बायकोलाही नाही. झाडूवाली नरसम्मा रोज कोपऱ्यावर बसून सगळ्या गल्लीचा कचरा हातांनी निवडायची. श्रावणात तिच्या तळव्यात काच घुसली आणि पाच टाके पडले. ती काच रावांच्या घरची होती. लोणच्याची बरणी फुटली तेव्हा तुकडे शिळ्या भातात गुंडाळून पिशवीची गाठ त्यांनी स्वतः मारली होती, चांगली खात्याची गाठ. तिचा बांधलेला हात बघून ते एवढंच म्हणाले होते, "नरसम्मा, दसऱ्यानंतर तुला कचऱ्यात हात घालावा लागणार नाही. माझा शब्द."

महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकांनी दोन कप्प्यांची गाडी आठवडाभरासाठी दिली. सोमवारी मी स्वतः येईन, म्हणाले. डबे उघडेन. कचरा वेगळा निघाला तर गाडी राहील, नाही तर पाचव्या क्रॉसला जाईल आणि नरसम्मा परत ढकलगाडीवर.

डबे आले ते नेमके आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी. कोरे, चकचकीत, घराला दोन. ते वाटताना रावांनी एक छोटंसं भाषण केलं. ही कचऱ्याची बादली समजू नका, म्हणाले, तुमची स्कूटर किंवा शिलाई मशीन जसं साधन आहे तसंच हे साधन आहे, त्याला तेवढाच मान द्या. लोकांनी मन लावून ऐकलं. भाषण मन लावून ऐकलं गेलं तर काय होतं याचा रावांना अनुभव नव्हता. खात्यात त्यांचं कधी कोणी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या क्रॉसने स्कूटरी धुतल्या, मोटारींना केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली, शिलाई मशिनीला गंध लावलं, आणि शेवटी बेचाळीस डब्यांना विभूतीचे तीन पट्टे ओढून मध्ये कुंकू लावलं. उरलेले दोन रावांचे. त्यांची पूजा रावांच्या बायकोने, जलजाक्षीबाईंनी, तशीच, वर झाकणावर शेवंतीची माळ घालून केली. दृष्ट काढायला कोहळे फुटले, कापूर जळला. राव गल्लीतून फिरले आणि त्यांचा ऊर भरून आला. इतका मान त्यांना निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता.

रविवारी सकाळी गाडी आली, भोंगा वाजवत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि रिकामी परत आली. एकाही डब्यात केळ्याचं साल नव्हतं. सगळा कचरा, फुटलेल्या कोहळ्यांसकट, नेहमीसारखा एकाच पिशवीत बांधून कोपऱ्यावर पोचला होता आणि नरसम्मा त्याच्यापुढे उकिडवी बसली होती.

राव समोरच्या रुक्मिणीअम्मांकडे गेले. अम्मांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या रावांना लहानपणापासून ओळखत. त्यांचे डबे तुळशीच्या शेजारी, रांगोळीत उभे होते.

"परवा ज्याला आरती ओवाळली त्यात आज लसणीची सालं टाकू?" अम्मा म्हणाल्या.

"अम्मा, डबा त्याच्यासाठीच दिलाय."

"मग पूजेला का लावलास?"

रावांनी साधन, मान वगैरे परत समजावलं. अम्मांनी ऐकून घेतलं. "शेषगिरी," त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात कचरा होत नाही का? तू टाक. तू टाकलास की गल्ली टाकेल."

हे न्यायाचं होतं. राव घरी आले आणि फिल्टरमधला कॉफीचा चोथा घेऊन डब्यापाशी उभे राहिले. झाकणावर शेवंती, पोटावर विभूती, मधोमध कुंकवाचा टिळा. राव स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत. ते मिनिटभर उभे राहिले, मग इकडेतिकडे बघून चोथा जास्वंदीच्या बुंध्याशी घातला.

"खत म्हणून," ते दारातून बघणाऱ्या जलजाक्षीबाईंना म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "आणि दुधाच्या पिशव्या? त्यापण जास्वंदीला?"

राव कोपऱ्यावर गेले. नरसम्मा एक पिशवी सोडत होती, डाव्या हाताने, कारण उजव्या तळव्यावर अजून लाल रेघ होती. त्यांनी शब्द जुळवले, घसा साफ केला आणि आधी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. "नरसम्मा, ती काच माझ्या घरची होती."

"माहीत आहे, स्वामी." तिने वर पाहिलं नाही. "भाताला कोवळ्या कैरीच्या लोणच्याचा वास होता. ते लोणचं या गल्लीत फक्त तुमच्याकडं होतं."

राव तिच्यासमोर उकिडवे बसले. मग त्यांनी डब्यांची अडचण सांगितली. ती अडचण तिला कळायला वेळ लागला. दोनदा सांगावी लागली.

"शुक्रवारी मी या झाडूला कुंकू लावलं," ती म्हणाली. "शनिवारी यानंच गटार काढलं. पूजा केली ती वापरायची म्हणूनच ना, स्वामी? ठेवून द्यायला का तो देव आहे?"

राव ताडकन फिरले. त्यांनी रुक्मिणीअम्मांना बोलावलं, अम्मांनी बाकीच्यांना बोलावलं, आणि दहा मिनिटांत बावीस घरं रावांच्या फाटकापाशी उभी होती. राव आतून दुपारच्या कॉफीचा चोथा आणि दोडक्याची सालं ताटलीत घेऊन आले. कोणीतरी चपला काढल्या. रावांनी झाकण उचललं, डोळे मिटले, मनातल्या मनात कुलदैवताची क्षमा मागितली आणि ताटली उपडी केली.

काहीच झालं नाही. गल्लीने श्वास सोडला. अम्मांनी पुढे होऊन डब्यात वाकून पाहिलं, मान डोलावली आणि घरी जाऊन लसणीची सालं टाकली. एकेका घराने त्यांचं बघून टाकलं. संध्याकाळपर्यंत कोपरा रिकामा झाला होता.

सोमवारी निरीक्षक आले. पहिला डबा उघडला, दुसरा उघडला, मग भराभर चव्वेचाळीस उघडले आणि पुन्हा पहिल्याशी येऊन उभे राहिले.

"राव, असं काम मी शहरात कुठे पाहिलं नाही. भाजीत एक कागद नाही, कागदात एक साल नाही."

राव नम्रपणे हसले.

"फक्त ओला कचरा सगळ्यांनी निळ्यात का टाकलाय?"

रावांनी आपल्या डब्यांकडे पाहिलं. मग गल्लीकडे पाहिलं. बावीस घरं त्यांच्याकडे पाहत होती. डोळे मिटताना आपला हात कुठल्या झाकणावर होता हे त्यांना आता आठवलं.

"शेषगिरीनं त्यातच टाकला," अम्मा म्हणाल्या. "आम्ही पाहिलं ना."

निरीक्षकांनी वही उघडली आणि पेन रोखून धरलं. तेवढ्यात नरसम्मा पुढे आली. तिने एक निळा डबा उचलून ओल्याच्या कप्प्यात रिकामा केला, हिरवा सुक्याच्या, आणि दोन्ही हात निरीक्षकांपुढे धरले. हात कोरडे होते.

"रंग माझ्या लक्षात राहील, साहेब," ती म्हणाली. "गाडी राहू द्या."

गाडी राहिली. निरीक्षकांनी गल्लीला रंग बदलायला सांगितले, पण ज्या डब्याला हात जोडून सुरुवात केली तो बदलायला अम्मांनी साफ नकार दिला. परवा कोपऱ्यावरच्या घरात राहायला आलेल्या नव्या भाडेकरूने रावांना विचारलं, की साऱ्या शहरात ओला कचरा हिरव्यात टाकतात, मग इथेच निळ्यात का.

राव जास्वंदीकडे बघत म्हणाले, "या गल्लीत पूर्वापार तशीच पद्धत आहे."