बेवारस घंटेची हकीकत

श्रीयंत्राधिदेवता प्रसन्न. लिहिणाराचा हात न कापो, वाचणाराची छाती शाबूत राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमी, ते समयी वर्तमान जाहले ते ऐसे जे: त्या राज्याचा कारभार गणकयंत्रे हाकीत, आणि यंत्रांच्या पोटी एक बालेकिल्ला होता, त्यास गाभा म्हणत, आणि गाभ्यास बाहेरच्या अवजारांची भाषा कळत नसे, म्हणोन प्रत्येक अवजारामागे एक दुभाषी नेमिला होता. हा दुभाषी हाडामासाचा नव्हे, लिहिलेल्या ओळींचा. परमुलखी त्यासच ड्रायव्हर म्हणतात. ऐसा दुभाषी गाभ्यात घेणे म्हणजे परका मनुष्य देवघरात घेणे, म्हणोन दरबारचा रिवाज ऐसा की, दुसऱ्या जाणत्याने ओळ न् ओळ वाचोन खाली आपले नाव घालावे, मगच दरवाजा उघडावा. या कामी सगुणाबाई पारसनीस यांचा लौकिक मोठा. बाईंनी चष्मा कपाळावर चढविला की भल्याभल्या लिहिणारांची पाचावर धारण बसे.

त्या दिवशी दोन प्रहरी रंभाजी घोडके, खाणीचे दुभाषी लिहिणारे, बाईंकडे एक दुरुस्ती घेऊन आले. राज्याच्या दक्षिणेस तांब्याची खोल खाण, आणि खाणीतील चार अवजारे, पंप त्यांतलाच एक, एकाच घंटेच्या दोरीस बांधलेली. घंटा वाजली की गाभ्याने चौघा दुभाष्यांस पुसावे, 'तुझी काय?' आणि ज्याने त्याने आपल्या अवजारास विचारोन 'माझी' अथवा 'माझी नाही' सांगावे. आणि घंटा लक्ष वेळा वाजोन कोणीच वाली न निघाला, तर गाभा वैतागोन दोरीच कापी, मग खरी हाकही कोणास ऐकू येत नसे. खाणीने यंदा नवा गाभा घेतल्यापासोन तीनदा दोरी कापली गेली, आणि पंपाची हाक बुडाली, आणि पंप थांबोन सातव्या मजल्यावर पाणी चढले. त्या पंपावर राखण करणारा बाजी हा बाईंचा पाठचा भाऊ. शेवटल्या वेळी पाणी त्याच्या छातीस लागले होते. रंभाजींची तोड ऐशी की, हवा हुंगणाऱ्या अवजाराच्या दुभाष्याने कोणास काही न विचारता दर वेळी 'माझी' म्हणोन मोकळे व्हावे, म्हणजे दोरी शाबूत.

रंभाजी बोलिले, "बाईसाहेब, एकच तर ओळ आहे. नाव घाला, संध्याकाळच्या आत खाणीत पोहोचवतो. तुमचाच भाऊ आहे तिथं, मी काय सांगू?"

बाईंनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, "रंभाजी, हा दुभाषी खोटं बोलतोय."

"बोलू द्या की. कोणाचं काय जातंय?"

"मग घंटा वाजवतो कोण, ते सांगा."

ते कोणासच ठाऊक नव्हते. नाव न घालावे तर भाऊ पाण्यात, आणि घालावे तर जो कोणी वाजवितो तो कायमचा मुका. मग त्यांनी घंटेच्या ठोक्यांची नोंद मागविली आणि वाचू लागल्या. बिघडलेले अवजार वेडेवाकडे वाजते. हे तैसे नव्हते. तीन टोले, मग थांबणे, पुन्हा तीन टोले, मग थांबणे, ऐसे दिवसचे दिवस, न थकता. बाईंनी बाजीस फोन लाविला. तो पाळी संपवोन नुकताच वर आला होता.

"बाजी, खाणीत तीन टोल्यांचा अर्थ काय रे?"

"माणसं वर यायचीत, ने-आणीचा पाळणा खाली सोडा. का गं ताई?"

बाईंनी नोंदीतील ठोके वाचोन दाखविले. मग बाजी हलक्या आवाजात बोलिला, "आठव्या मजल्याची असेल. अकरा वर्षांमागं तिथं पाणी फुटलं, माणसं आत राहिली, अन् तोंडाशी भिंत घातली. घंटेचं बटण भिंतीच्या आत आहे, ताई. पूर्वी पाळण्याच्या खोलीत त्याचा दिवा लागायचा. आम्ही त्यावर फडकं टाकलं होतं."

बाईंनी जुने दप्तर उघडिले. आठव्या मजल्याची घंटाही याच दोरीस बांधलेली, आणि तिचाही एक दुभाषी होता. तीन वर्षांमागे तो निरुपयोगी म्हणोन नव्या गाभ्यातोन काढिला होता, आणि खाणीत तो गाभा यंदा आला. काढण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे डांगोरा पिटला होता की, हे अवजार कोणी वापरीत असल्यास महिन्याच्या आत कळवावे, आणि कोणीच कळविले नव्हते. ज्यांनी कळवावे ते भिंतीआड, आणि ज्यांस ठाऊक ते फडके टाकोन बसलेले. त्या कागदाच्या तळाशी जाणत्याचे नाव होते, सगुणाबाई पारसनीस. बाईंस भयाहून लाज अधिक वाटली. मग त्यांनी रंभाजींची ओळ बाजूस सारिली, आणि जुना दुभाषी दप्तरातोन बाहेर काढोन नव्या गाभ्याच्या चालीस लाविला, आणि रंभाजींकडोन वाचोन घेऊन खाली त्यांचे नाव घालोन घेतले, आणि चौथ्या प्रहरी, लख्ख उन्हात, तो खाणीत रुजू जाहला. घंटा वाजली. चौघे म्हणाले, माझी नाही. पाचवा आपल्या अवजाराकडे गेला, विचारोन आला, आणि म्हणाला, माझी.

"ताई, फडकं काढलं मी," बाजी पाळण्याच्या खोलीतोन फोनवर बोलिला. "दिवा लागलाय. पाळणा सोडू?"

"बोलावतायत ना? सोड."

मग लोखंडी पाळणा खाली गेला, आणि आठव्याच्या भिंतीशी घटकाभर थांबोन वर आला. "रिकामा आहे," बाजी म्हणाला, आणि मग म्हणाला, "पण वजनाचा काटा रिकाम्याचा नाही, ताई." बाजीने दार सरकविले, डोक्याचे शिरस्त्राण काढिले, बाजूस होऊन म्हणाला, "या." आणि काटा अडखळत अडखळत, एकेका माणसाच्या भाराने उतरत शून्यावर आला. जमिनीवर पाऊल उमटले नाही, परंतु बाजी प्रत्येक वेळी थोडा मागे सरकत होता, हे तेथील लोकांनी पाहिले. त्यानंतर ती घंटा वाजली नाही.

ऐशी ही हकीकत. दोरी शाबूत राहिली, सातवा मजला कोरडा, बाजी पंपावर कायम. रंभाजींनी आपली ओळ स्वहस्ते खोडिली. दरबारच्या दप्तरातील लिहिले मात्र पुसता येत नाही, म्हणोन दुभाषी काढिला त्या कागदावर सगुणाबाईंचे नाव आजही आहे, आणि नवा तपासनीस कामास आला की बाई त्यास सर्वांआधी तोच कागद वाचावयास देतात.