नटेशवैद्यांचं पथ्य

नटेशवैद्यांकडे रोगी गेला, की ते त्याच्याकडे बघायचेच नाहीत. त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचे. मागे कोणी नसलं की विचारायचे, "रांधणारी कोण?" घरात जी स्वयंपाक करते तिला बरोबर आणल्याशिवाय नाडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. एकदा गावातले एक बडे वकील पोट धरून आले आणि चिडून म्हणाले, अहो, रोगी मी आहे. वैद्यबुवा शांतपणे म्हणाले, "तुम्ही नुसतं पोट. हात घरी राहिलेत, ते घेऊन या." वकिलांना टांगा परत फिरवावा लागला.

ही तीस सालानंतरची गोष्ट. पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मूळचे तंजावरकडचे. बायकोला घेऊन काशीला निघाले, वाटेत नाशकात रामाच्या दर्शनाला उतरले आणि राहिले ते राहिलेच. बायको जाऊनही पुष्कळ वर्षं झाली होती. मराठी सगळं शिकले ते रोग्यांबरोबर येणाऱ्या बायकांकडून. त्यामुळे हा सहा फुटी, भरघोस मिशांचा, कपाळभर भस्म लावलेला गृहस्थ नाडीत काही भलतं लागलं की "अगंबाई" म्हणायचा. त्यांना आयुर्वेदाचा वैद्य म्हटलेलं खपत नसे. आयुर्वेद थोर खरा, पण तो शेजारी; आपलं तमिळ मुलखातलं सिद्ध वैद्यक, असं बजावून ते त्याच्या अठरा आद्य सिद्धांची नावं सांगायला लागत. ती संपेपर्यंत साधं पडसं आपोआप बरं होई.

तपासणी म्हणजे एक सोहळाच असे. पहिली अट, रोग्याने आपला रोग सांगायचा नाही. सांगायला तोंड उघडलंत तर ते कानांवर हात ठेवत. मग पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा हात घेऊन मनगटावर तीन बोटं, आणि डोळे मिटून इतका वेळ स्तब्ध, की रोग्याला वाटावं यांनाच काही झालं. मग जीभ, डोळे, नखं, कातडी. मग आवाज. आवाज तपासायला काहीतरी बोलावं तर लागे, पण रोगाबद्दल नाही. कोणी पाढे म्हणे, कोणी आरती. सायखेड्याच्या एका शेतकऱ्याने आपल्या गुरांची नावं सांगितली आणि एका म्हशीच्या नावाशी त्याचा आवाज चिरकला, तेव्हा वैद्यबुवांनी कफ तिथेच पकडला.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी काचेच्या भांड्यातून आणायची. ती उन्हात ठेवून वैद्यबुवा काडीने तिळाच्या तेलाचा एक थेंब सोडत. थेंब सापासारखा लांबला तर वात, अंगठीसारखा पसरला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. तो पसरेपर्यंत ओसरीवर कोणी खोकायचंही नाही. वकीलसाहेबही आपल्या भांड्यासमोर निकालाची वाट बघावी तसे उभे राहिले होते.

मात्र औषध द्यायची वेळ आली की ते रोग्याकडे पाठ करून रांधणारीकडे वळत. चिंच बंद, मिरची बंद, वांगं बंद, एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. आणि शेवटी ते एक अट घालत, तिच्यापायी अर्धं नाशिक त्यांच्यावर खवळलेलं होतं. रांधणारीनं रोग्याच्या शेजारी बसून, त्याच वेळी जेवायचं. मागाहून जेवली तर औषध लागू पडणार नाही.

पुरुषांना हे औषधापेक्षा कडू लागे. तो सायखेड्याचा शेतकरी म्हणाला, "बायकोसंगं ताटाला बसू? गावात लय हसतील."

"मग रोग ठेव," वैद्यबुवा म्हणाले. "तो हसत नाही."

तो बसला. महिन्याने त्याची बायको आली, वैद्यबुवांच्या पायरीवर नारळ ठेवला आणि म्हणाली, "सतरा वर्सं झाली लग्नाला. गरम भाकर आत्ता खाल्ली." वैद्यबुवा उठून आत निघून गेले. मला ते जरा तुसडेपणाचं वाटलं होतं.

मी कसा तिथे, तर मी तारऑफिसात कामाला, एकटा जीव, खाणावळीत जेवणारा. त्या खाणावळीच्या तिखटाने माझ्या पोटाची पार वाट लावली होती. साहेबांनी सुट्टी घेऊन घरी बसा असं सुचवायला सुरुवात केली होती, आणि घर म्हणावं असं मला काही नव्हतं. वैद्यबुवांनी माझ्या मागे बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, खाणावळीचा आचारी, तो चाळीस माणसांचं रांधतो, माझ्यासाठी काही येणार नाही. ते बराच वेळ मिशीला पीळ देत बसले.

"मग तारमास्तर, मीच रांधतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्यांच्याकडे जेवायला. कोण कुठला मद्रासी, त्याच्या हातचं काय जेवता, असं खाणावळवाल्याने मला ऐकवलं. त्याचं गिऱ्हाईक गेलं होतं, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. मऊ भात, मुगाचं वरण, दोडका, ताक, मिठाचीही चोरी. नियमाप्रमाणे रांधणारे माझ्या शेजारी जेवत. पहिले काही दिवस आम्ही दोघेही भिंतीकडे बघून जेवलो. मग हळूहळू गप्पा सुरू झाल्या. मी तारेतल्या गमती सांगे, ते तंजावरचे हत्ती सांगत. चाळिसाव्या दिवसानंतर मात्र त्यांचं बोलणं आटलं. माझी नाडी बघत आणि कोणी गेल्याची बातमी द्यावी तसे म्हणत, "बरे होताय."

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी मी सहज विचारलं, शेजारी बसून जेवायचं हे तुमच्या कुठल्या ग्रंथात आहे?

"कुठल्याच नाही," ते म्हणाले. ताकाचं भांडं खाली ठेवलं. "माझी बायको माझ्यामागून जेवायची. एकटी, आतल्या खोलीत. काय जेवायची, किती जेवायची, मी कधी बघितलं नाही. नाशकात उतरलो तेव्हा तिच्या हातात बांगडी राहत नव्हती. दुनियेच्या नाड्या बघितल्या मी, तारमास्तर. तिची बघितली तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं."

मी हात धुतले, नमस्कार केला, आणि बरा झालेला माणूस म्हणून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी खाणावळीत गेलो. जेवण पोटाला मानवलं, पण गप्पा मारायला शेजारी कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पाय आपसूक पंचवटीच्या पुलाकडे वळले. वैद्यबुवा चुलीपाशी बसले होते. भात झालेला होता, वाढलेला नव्हता.

"औषध संपलं तुमचं," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसलो, उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, "वैद्यबुवा, पोट परत दुखतंय."

त्या घरात रोग बोलून दाखवायचा नसतो. पण त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. तीन बोटं मनगटावर ठेवून डोळे मिटले. माझी नाडी घोड्यासारखी ठणठणीत चालली होती. ती मलासुद्धा लागत होती.

"अगंबाई," वैद्यबुवा हळूच म्हणाले. "बरंच दुखतंय. आणखी एक मंडल घ्यावं लागेल." आणि ते वाढायला उठले.

पुढे सहा वर्षं, ते होते तोपर्यंत, माझं पोट काही बरं झालं नाही.